वॉचडॉग लावूनही एरेटरचा बोर्ड का अडकतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. खाडीकाठच्या कोळंबीच्या तलावावर चार पॅडल व्हील एरेटर आहेत. ते वेळापत्रकाप्रमाणे आणि पाण्यातल्या ऑक्सिजनच्या रीडिंगप्रमाणे चालू-बंद करायला तुम्ही आर्दुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर कंट्रोलर बनवलात. सोबत डीएस३२३१ घड्याळ, आय-टू-सी (दोन तारांच्या डेटा बसवरचा) डिस्प्ले, चार रिले आणि एसएमएससाठी सिम८००एल मॉडेम. बोर्ड मधूनच अडकतो, डिस्प्ले गोठतो आणि कुणाला तरी पहाटे बांधावरून जाऊन रिसेटचं बटण दाबावं लागतं. कुणीतरी सांगितलं म्हणून २ सेकंदांचा वॉचडॉग लावलात, म्हणजे ठरल्या वेळेत कोडने 'मी चालू आहे' असा इशारा (किक) दिला नाही तर प्रोसेसर रिसेट करणारा टायमर. किक चुकू नये म्हणून ती टायमर इंटरप्टमध्ये (मुख्य कोड क्षणभर थांबवून ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या तुकड्यात) टाकलीत. तरी बोर्ड अडकलाच. मग किक मुख्य लूपमध्ये (सतत फिरत राहणाऱ्या कोडमध्ये) आणलीत, तर आता एकदा रिसेट झाला की बोर्ड नुसता एलईडी लुकलुकवत बसतो, कोड सुरूच होत नाही. वेळ किती ठेवू, किक कुठे करू आणि बाहेरचा वॉचडॉग आयसी घेऊ का, हे तुमचे तीन प्रश्न.

तिन्हींची उत्तरं देतो, पण तुम्ही न विचारलेल्या चौथ्या गोष्टीवर जास्त वेळ घेणार आहे. वॉचडॉग फक्त प्रोसेसर पुन्हा सुरू करतो. त्या क्षणी एरेटर चालू असतील की बंद, अडकलेला मॉडेम सुटेल की नाही, आणि हे कशामुळे झालं ते उद्या सकाळी कळेल की नाही, यातलं काहीही तो ठरवत नाही. तुमचं डिझाइन नेमकं तिथे अपुरं आहे.

आधी लुकलुकणाऱ्या एलईडीचं बघू, कारण ते सुटल्याशिवाय पुढचं तपासता येणार नाही. एटीमेगा३२८पी, म्हणजे नॅनोवरचा प्रोसेसर, वॉचडॉगने रिसेट झाला की वॉचडॉग बंद होत नाही. तो चालूच राहतो आणि त्याची वेळ सगळ्यात लहान, म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंद होते. रिसेटचं कारण नोंदवणाऱ्या एमसीयूएसआर रजिस्टरमधला डब्ल्यूडीआरएफ हा वॉचडॉगचा फ्लॅग (खुणेचा बिट) पुसल्याशिवाय वॉचडॉग बंदही करता येत नाही. जुन्या नॅनोंवरच्या बूटलोडरला, म्हणजे तुमच्या कोडच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, हे माहीतच नाही. तो संगणकाकडून नवा कोड येतो का याची वाट बघत बसतो, तेवढ्यात १६ मिलिसेकंद संपतात, पुन्हा रिसेट, पुन्हा बूटलोडर. तुमचा कोड कधी गाठलाच जात नाही. वीज काढून घातली की चालतो, हेही तुम्ही पाहिलं असेल. उपाय म्हणजे दुसरा आर्दुइनो प्रोग्रॅमर म्हणून जोडून नॅनोवर ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवा. तो सुरुवातीलाच वॉचडॉग आवरतो. नवे नॅनो घेताना त्यावर कुठला बूटलोडर आहे ते तपासून घ्या. बाजारातल्या स्वस्त बोर्डांवर अजून जुनाच सापडतो. शेतात कायमचा बसणारा बोर्ड असेल तर मी बूटलोडर ठेवतच नाही, कोड थेट प्रोग्रॅमरने चढवतो.

आता इंटरप्टमधली किक. मुख्य लूप अडकला तरी टायमर आणि त्याचा इंटरप्ट ठणठणीत चालू राहतो. म्हणजे तुमचा वॉचडॉग एवढंच तपासत होता की टायमर जिवंत आहे का. रात्रीच्या राखणदाराने स्वतः झोपून दर तासाला शिट्टी वाजवायला पोरगा ठेवावा, तसं हे झालं. मालक शिट्टी ऐकून निर्धास्त आणि इकडे तलावावर कुणी नाही.

किक मुख्य लूपमध्ये आणलीत ते बरोबर, पण मला वाटतं तुम्ही ती जिथे जिथे उशीर होतो तिथे तिथे पेरली असणार. बहुतेक जण तसंच करतात. मॉडेमच्या उत्तराची वाट बघणारा लूप असतो, त्यात वॉचडॉग चावतो, म्हणजे रिसेट करतो, म्हणून तिथे एक किक टाकली जाते, मग डिस्प्लेच्या फंक्शनमध्ये दुसरी. अशा प्रत्येक किकबरोबर अडकायला एक नवी सुरक्षित जागा तयार होते. ज्या लूपमध्ये किक आहे त्यातच कोड कायमचा फिरत राहिला तर वॉचडॉगला काही कळणार नाही.

माझा नियम साधा आहे: सगळ्या कोडमध्ये किक एकाच ठिकाणी, लूपच्या शेवटी, आणि तीही अटीवर. प्रत्येक कामाला एका बाइटमधला एक बिट द्यायचा. ऑक्सिजनचं रीडिंग घेतलं आणि ते शक्य त्या मर्यादेत आहे, की पहिला बिट लावा. घड्याळ वाचलं आणि मागच्या वेळेपेक्षा वेळ पुढे गेलेली आहे, की दुसरा. रिले जे असायला हवेत तेच आहेत हे पिन परत वाचून पाहिलं, की तिसरा. मॉडेमचं काम एक पाऊल पुढे सरकलं, किंवा मॉडेम खराब आहे असं ठरवून ते काम रीतसर बाजूला ठेवलं, की चौथा. चारही बिट लागले असतील तरच किक करा आणि बाइट शून्य करा. एकही राहिला तर किक नाही. यामुळे वॉचडॉगला कोड फिरतो आहे याच्यापलीकडचं कळतं, काम होतं आहे का ते कळतं.

इथे एक खोच आहे. ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबची वायर उंदराने कुरतडली तर रीडिंग मर्यादेबाहेर जाईल, पहिला बिट कधीच लागणार नाही आणि बोर्ड दर काही सेकंदांनी रिसेट होत बसेल. म्हणून प्रोब खराब असणं ही बोर्ड अडकण्याची खूण धरू नका. खराब आहे हे ओळखलं, एरेटर वेळापत्रकावर टाकले, मालकाला एसएमएसच्या रांगेत निरोप लावला, की ते कामही झालंच, बिट लावा. रिसेटने जे सुधारणार नाही त्यासाठी रिसेट मागू नये.

मॉडेमबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण माझ्या पाहण्यात अशा बोर्डांचे निम्मे त्रास तिथूनच येतात. जीएसएम मॉडेमला काही आज्ञांचं उत्तर द्यायला एक मिनिटाहून जास्त वेळ लागू शकतो आणि एटीमेगाचा वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंद थांबतो. मग लोक मॉडेमचं काम सुरू करताना वॉचडॉग बंद करतात आणि झालं की परत चालू करतात. म्हणजे ज्या कामात अडकण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकं त्याच वेळी पहारा उठवायचा! असं करू नका. मॉडेमचं काम स्टेट मशीनमध्ये तोडा: आज्ञा पाठवली, पुढे गेलो, पुढच्या फेरीत उत्तर आलं का बघितलं, नसेल तर पुढे गेलो, ठरलेला वेळ उलटला तर आज्ञा फसली असं धरून मॉडेमची वीज तोडून जोडली. लूपची एक फेरी सेकंदाच्या आत संपली पाहिजे, मग नेटवर्क असो वा नसो. खाडीच्या खोलगट भागात नेटवर्कची काय रड असते ते तुम्हाला सांगायला नको. आणि सिम८००एल हा फक्त २जी मॉडेम आहे. जिओचं २जी नाहीच, त्यामुळे तिथे कुठलं सिम चालेल ते बघून घ्या. नव्याने घेत असाल तर ४जी मॉडेमच घ्या.

फेरी सेकंदात संपायला लागली की वेळेचा प्रश्न आपोआप सुटतो. एटीमेगात १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत दुपटीच्या पायऱ्या आहेत. वॉचडॉगचं घड्याळ वेगळं असतं, आतलं १२८ किलोहर्ट्झचं, आणि तेच त्याचं बळ आहे: मुख्य क्रिस्टल बंद पडला तरी तो मोजत राहतो. पण हे घड्याळ व्होल्टेज आणि तापमानाप्रमाणे सरकतं. एसटीएम३२ एफ१०३ हा दुसरा मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी सांगतो, तिथल्या स्वतंत्र वॉचडॉगचं घड्याळ ४० किलोहर्ट्झ म्हणून लिहिलेलं असलं तरी डेटाशीटमध्ये ३० ते ६० अशी मुभा आहे. कागदावर ३ सेकंद काढलेत तर प्रत्यक्षात २ असू शकतात. म्हणून सगळ्यात लांब फेरी मोजा, तिच्या तिप्पट-चौपट वेळ ठेवा. तुमच्यासाठी ४ सेकंद. तलावाला ४ काय नि ४० सेकंद काय, काही फरक पडत नाही. पाण्यातला ऑक्सिजन इतक्या झटपट उतरत नाही. उगाच अर्ध्या सेकंदाचा वॉचडॉग लावून चांगल्या चालणाऱ्या बोर्डाला रिसेट करण्यात शहाणपण नाही.

आता त्या चौथ्या गोष्टीकडे. कोळंबीच्या तलावात दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवतं, रात्री तेच शेवाळ तो खातं, आणि पहाटेच्या आधी पातळी सगळ्यात खाली असते. ढगाळ दिवसानंतरची रात्र आणखी वाईट. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की कोळंबी काठाला यायला लागते. म्हणजे ज्या वेळी कुणी जागं नसतं तेव्हाच तुमच्या बोर्डाची परीक्षा. अशा वेळी बोर्ड मेला, रिसेटमध्ये फिरत राहिला किंवा पावसाचं पाणी जाऊन जळाला, तर एरेटर चालू राहिले पाहिजेत की बंद? इथे उत्तर सरळ आहे: चालू. बिल वाढेल, कोळंबी जगेल. पण तुमचं रिले बोर्ड आणि त्याची वायरिंग याच्या बरोबर उलट आहे.

रिसेटच्या क्षणी एटीमेगाच्या सगळ्या पिन सुट्या होतात, ना वर (५ व्होल्ट) ना खाली (० व्होल्ट). तुमचा रिले सुटतो, आणि तुम्ही कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल रिलेच्या एनओ म्हणजे नॉर्मली ओपन कॉन्टॅक्टवर जोडली आहे, त्यामुळे एरेटर बंद पडतो. वायर एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टवर हलवा आणि कोडमधलं तर्कशास्त्र उलटं करा. रिले ओढला की एरेटर बंद, सुटला की चालू. बोर्डाला एरेटर बंद ठेवण्यासाठी जिवंत राहावं लागेल, चालू ठेवण्यासाठी नाही. मी हे वॉचडॉगच्याही आधी करीन. अर्थात सगळीकडे हेच लागू नाही. कातळावरच्या हापूसच्या बागेत बोअरवेलचा पंप असेल तर बोर्ड मेल्यावर पंप बंदच झाला पाहिजे, नाहीतर कोरडा फिरून जळेल. सुरक्षित बाजू कुठली ते प्रत्येक कामाचं वेगळं असतं आणि ते कोड लिहायच्या आधी मालकाशी बोलून ठरवायचं.

एनसीवर नेल्यावर दोन गोष्टी सांभाळा. लाईट गेली आणि आली, की बोर्ड जागा व्हायच्या आत चारही मोटर एकदम उठतील. जनरेटर असेल तर तो कण्हेल आणि व्होल्टेज बसेल. प्रत्येक कॉन्टॅक्टरच्या कॉइलसमोर पॅनेलमध्ये वेगवेगळ्या वेळेचा ऑन-डिले टायमर लावा, दहा-दहा सेकंदांच्या फरकाने. हे काम मायक्रोकंट्रोलरकडे देऊ नका. आणि ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर कॉइलच्या वाटेत सिरीजमध्येच राहिले पाहिजेत. आपल्याकडे एक फेज उडणं ही पावसाळ्यातली रोजची बाब आहे, दोन फेजवर गुरगुरणारी मोटर जळायला वेळ लागत नाही. ते टायमर असण्याचा आणखी एक फायदा: बोर्ड कधी रिसेटच्या चक्रात सापडलाच तर कॉन्टॅक्टर टकटक करत बसत नाही.

कोडमधली एक बारीक गोष्टही इथेच सांगतो. तुमचे रिले पिन खाली गेली की ओढतात. सुरुवातीला पिन आउटपुट करून मग ती वर नेली, तर मधल्या मायक्रोसेकंदांत ती खाली असते. आधी वर लिहा, मग आउटपुट करा. शिवाय पिनला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (पिन वर धरून ठेवणारा) बोर्डावरच द्या.

रिसेटनंतर प्रोसेसर कोरी पाटी घेऊन उठतो, पण बाकीच्या चिप उठत नाहीत, कारण त्यांना कुणी रिसेट केलेलंच नसतं. आय-टू-सीवर हे फार बोचतं. डीएस३२३१ कडून बाइट वाचत असताना मध्येच रिसेट झाला, आणि त्या क्षणी घड्याळाने डेटाची लाइन खाली धरलेली असेल, तर ते पुढच्या क्लॉकची वाट बघत तशीच धरून ठेवतं. प्रोसेसर उठतो, बस मोकळी नाही म्हणून आय-टू-सीच्या लायब्ररीत थांबतो, वॉचडॉग पुन्हा चावतो. दिवसभर रिसेट होत राहील, सुटणार नाही. म्हणून सुरुवातीला, आर्दुइनोची 'वायर' ही आय-टू-सी लायब्ररी चालू करायच्या आधी, डेटा लाइन खाली आहे का बघा. असेल तर क्लॉकच्या पिनवर हाताने नऊ ठोके द्या आणि शेवटी स्टॉप. तेवढ्यात ती चिप लाइन सोडते. त्याच लायब्ररीला टाइमआउट लावायची सोय आहे, पण एटीमेगासारख्या एव्हीआर प्रोसेसरवर ती आपोआप चालू नसते, तुम्हाला चालू करावी लागते. ती केलीत तर तुमचे अर्धेअधिक हँग वॉचडॉगपर्यंत पोहोचणारही नाहीत, असा माझा अंदाज आहे. जिथे जमेल तिथे मॉडेम, डिस्प्ले आणि प्रोबची वीज एका मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) द्या आणि प्रत्येक रिसेटनंतर ती सेकंदभर तोडा.

कारण शोधायचं असेल तर नोंद हवी. एमसीयूएसआरमध्ये चार फ्लॅग असतात: वीज आल्यामुळे, बटणामुळे, व्होल्टेज पडल्यामुळे की वॉचडॉगमुळे रिसेट झाला ते सांगणारे. सुरुवातीलाच वाचून ठेवा. ऑप्टिबूट तो रजिस्टर स्वतःच पुसतो, पण जुनी किंमत आर२ या रजिस्टरमध्ये सोडतो, तिथून अगदी पहिल्या पायरीलाच ती उचलावी लागते. शिवाय एक बाइट असा ठेवा जो सुरुवातीला शून्य होत नाही, त्याला नोइनिट विभागात टाकतात, आणि प्रत्येक काम सुरू करताना त्यात त्या कामाचा क्रमांक लिहा. वॉचडॉग रिसेटमध्ये रॅम टिकते, त्यामुळे उठल्यावर कळतं की बोर्ड कुठल्या कामात मेला. वीज जाऊन आल्यावर मात्र तिथे कचरा असतो, म्हणून बाजूला एक ओळखीचा आकडा ठेवा. तो जुळला तरच क्रमांकावर विश्वास. ही माहिती ईईपीरॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, फक्त रिसेटनंतर एकदा लिहा. तिची हमी १ लाख लेखनांची आहे. प्रत्येक फेरीला लिहीत बसलात तर दीड दिवसाच्या आतच ती मर्यादा ओलांडाल.

ही नोंद किती कामाची असते याचं प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचं आहे. जुलै १९९७ मध्ये उतरलेलं पाथफाइंडर यान हवामानाचा डेटा घ्यायला लागल्यावर मधूनमधून रिसेट व्हायला लागलं. कमी महत्त्वाच्या कामाने धरून ठेवलेल्या कुलपापायी महत्त्वाचं काम वेळेत संपत नव्हतं आणि पहारा ठेवणारी यंत्रणा यान रिसेट करत होती. रिसेटमुळे यान हातचं गेलं नाही. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रकार घडवून आणला, कारण पकडलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. याच्या उलट क्लेमेंटाइन यान. मे १९९४ मध्ये चंद्राचं काम आटोपून ते जिओग्राफॉस लघुग्रहाकडे जाणार होतं. संगणक अडकला, थ्रस्टर ११ मिनिटं चालू राहिले आणि दिशा सांभाळायचं इंधन संपलं. यानावर वॉचडॉगची सोय होती, सॉफ्टवेअरने ती वापरलीच नव्हती.

तुमच्या नोंदीत व्होल्टेज पडल्याचा फ्लॅग वारंवार दिसला तर वॉचडॉगचा विचार सोडा आणि पॉवर सप्लायकडे जा. नॅनोवर ब्राउन-आउटची (व्होल्टेज पडलं की रिसेट करायची) पातळी बहुधा २.७ व्होल्टला लावलेली असते. पण १६ मेगाहर्ट्झवर हा प्रोसेसर भरवशाने चालायला पावणेचार व्होल्टच्या वर लागतात. मधल्या पट्ट्यात तो चालतो खरा, पण काय करील सांगता येत नाही. ईईपीरॉममध्ये भलतंच लिहून ठेवल्याचीही उदाहरणं असतात. ५ व्होल्टच्या बोर्डावर ही पातळी चिपमधला फ्यूज (कायमची सेटिंग) बदलून ४.३ करा. सिम८००एल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. त्याला नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवरून वीज देत असाल तर इथेच थांबून आधी ते बदला. त्याला वेगळा ४ व्होल्टचा बक कन्व्हर्टर आणि मॉडेमच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर लागतो. सोलरवर चालणाऱ्या बोर्डांना पहाटे हा त्रास हमखास होतो: रात्रभर उतरलेली बॅटरी उन्हाबरोबर हळूहळू चढते आणि बोर्ड उंबरठ्यावर चालू-बंद होत राहतो.

नोंदीत वॉचडॉग आणि क्रमांक रिलेच्या कामाचा असेल, तर कॉन्टॅक्टरची कॉइल सुटतानाचा झटका बोर्डात शिरतो आहे. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावा, कपॅसिटर एक्स-टू (मेन्सच्या विजेसाठीच्या) प्रतीचाच. प्रोबची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपमधून नेली असेल तर वेगळी करा. आणि खाऱ्या हवेचं म्हणाल तर, बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओलावा रोखणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या, केबल ग्लँड खालच्या बाजूला ठेवा. पूर्ण हवाबंद पेटी चांगली असं वाटतं, पण दिवसा तापून रात्री थंड झाली की आतच दव धरतं.

बाहेरचा वॉचडॉग घ्यावा का? या तलावासाठी, एनसी वायरिंग केल्यावर, मला त्याची निकड वाटत नाही. आतल्या वॉचडॉगची उणीव अशी की भरकटलेला कोड तो बंद करू शकतो. एटीमेगात डब्ल्यूडीटॉन फ्यूज लावला की तेही करता येत नाही. एसटीएम३२ चा स्वतंत्र वॉचडॉग तर एकदा चालू झाला की रिसेटशिवाय थांबतच नाही. खरी गरज तेव्हा असते जेव्हा चिप स्वतःच अशी अडकते की वीज तोडल्याशिवाय सुटत नाही. विजा चमकताना हे होतं. तेव्हा बाहेरच्या आयसीने रिसेट पिन ओढून भागत नाही, त्याने सगळ्या बोर्डाची वीज तोडली पाहिजे.

घ्यायचाच असेल तर टीपीएस३८२३ सोपा आहे, वॉचडॉगची वेळ १.६ सेकंद. त्याची किकची पिन सुटी राहिली तर वॉचडॉग बंद होतो, हे लक्षात ठेवा. ट्रॅक तुटला तर पहारा गेला आणि कळलंही नाही. जास्त वेळ हवा तर टीपीएल५०१० दोन तासांपर्यंत जातो. किक पीडब्ल्यूएमच्या (हार्डवेअर आपोआप ठोके देतं अशा) पिनवरून देऊ नका, प्रोसेसर मेला तरी ती पिन ठोके देत राहते. ५५५ टायमर आयसी लावून घरगुती वॉचडॉग बनवायचे आराखडे खूप फिरतात. आपल्या किनाऱ्यावर ते नकोत. त्यात मेगाओहमचे रेझिस्टर असतात, आणि बोर्डावर मिठाचा ओलसर थर बसला की त्या थराचाच रेझिस्टन्स तेवढा होतो. जूनमध्ये लावलेली वेळ ऑगस्टमध्ये भलतीच निघते.

ईएसपी३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरवर जायचा विचार दिसतोय तुमच्या शेवटच्या ओळीत. तिथे टास्क वॉचडॉग तयार मिळतो, पण ईएसपी-आयडीएफ या त्याच्या अधिकृत सॉफ्टवेअर संचात तो मुळात फक्त इशारा छापतो, रिसेट करत नाही. रिसेट हवा तर पॅनिकचा पर्याय चालू करावा लागतो. बिट लावायची पद्धत तिथेही तशीच ठेवा.

बसवण्याआधी मुद्दाम मोडून बघा. डेटाची लाइन वायरने बोर्डाच्या ग्राउंडला (० व्होल्टला) लावा आणि सोडा. मॉडेमचा अँटेना काढा, मग मॉडेमच काढा. एसएमएसने येणारी एक गुप्त आज्ञा ठेवा जी कोडला अनंत लूपमध्ये टाकते, म्हणजे तलावावर बसवल्यावरही पहारा जागा आहे का ते घरून तपासता येईल. कॉन्टॅक्टर मोटरसकट वारंवार चालू-बंद करा. नुसत्या बल्बवर केलेली चाचणी कामाची नाही. हे सगळं आगोटीच्या आधी उरकलं तर बरं, म्हणजे वळवाच्या पहिल्या गडगडाटात खरी चाचणी फुकटात होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा खंडानंतर, व्होल्टेज हेलकावे खात असताना, कुणीही बटण न दाबता बोर्ड नीट उठतो का, हेही व्हेरिअ‍ॅकवर व्होल्टेज हळूहळू चढवून बघून घ्या.

कोडमध्ये शेवटची भर: एका तासात वॉचडॉगचे पाच रिसेट झाले तर बोर्डाने शहाणपणा सोडावा, सगळे रिले सोडून द्यावेत, म्हणजे एरेटर चालू, आणि जमेल तेव्हा एसएमएस पाठवून बटण दाबेपर्यंत गप्प राहावं.

आधी ऑप्टिबूट, एनसी वायरिंग, आय-टू-सीचा टाइमआउट आणि रिसेटची नोंद एवढं करा. पंधरा दिवसांनी ईईपीरॉममधले आकडे इथे टाका: कुठला फ्लॅग किती वेळा, आणि शेवटच्या कामाचा क्रमांक कुठला. सोबत पॅनेलचा उघडा फोटो आणि मॉडेमला वीज कुठून दिली आहे तेही कळवा. मग नेमकं काय बदलायचं ते सांगतो.